जैतूनचाचीची ओढणी

आश्विनातलं ऊन कौलातल्या काचेतून खाली उतरलं, की खोबरेलाचा किंचित खवट वास येतो, मागोमाग लोखंडाची बारीक किणकिण ऐकू येते, आणि मग जैतूनचाची आठवते. रत्नागिरीत खाडीकाठी तिचं घर आमच्या शेजारी होतं. तिचे यजमान बोटीवर खलाशी. इतरांचे नवरे परतताना अत्तर आणीत; हे मात्र दूरच्या बंदरांतून शिलाईच्या मशीनचे पाय आणीत. सुईखाली कापड दाबून धरणारे ते इवलेसे पाय, कुणी काठ दुमडणारा, कुणी चुण्या घालणारा. खाऱ्या वाऱ्याने गंजू नयेत म्हणून चाची त्यांना तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात निजवी.

आई गेली त्या वर्षी तिचं एकच लुगडं घरात उरलं होतं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. बाकीची आत्याने वाटून टाकली होती. मला त्याचा परकर हवा होता. पेठेतल्या शिंप्याने ते बोटांत धरून पाहिलं आणि मशीनखाली याच्या चिंध्या होतील म्हणून परत केलं. मी ते छातीशी धरून चाचीच्या ओटीवर जाऊन बसले.

चाचीने लुगड्याचा पदर गालाला लावला, मग आपल्या ओढणीचं टोक लावलं, आणि दोहोंचा विरळपणा सारखाच असल्याची खात्री झाल्यावर ती ओढणीच खांद्यावरून काढून सुईखाली सरकवली. नेहमीच्या पायाने ओढणी गोळा झाली. दुसऱ्याने तिच्यावर तेलाचा डाग पाडला. ओढणी कशाला नासवतेस, लुगड्याचाच एक कोपरा घे, असं मी म्हटलं, तेव्हा चाक थांबवून ती म्हणाली, "आयशीचा लुगडा हाय ता. त्येच्यावर शिकाचा नाय. शिकाचा ता माज्या ओढणीवर."

अखेर काठ दुमडणारा सर्वांत अरुंद पाय तिला पसंत पडला. त्याचं तेल पुरतं टिपलं जाईपर्यंत तिने तो ओढणीवर चालवला, आणि मगच लुगडं हाती घेतलं. विरलेली कड त्या पायाच्या मुडपीत शिरे आणि बारीक, नेटकी दुमड होऊन बाहेर येई. परकर पुरा झाला, तेव्हा त्यावर एकही डाग नव्हता. त्या दिवशी मी प्रथमच मोकळेपणी रडले.

पुढे चाची लेकाकडे मुंबईला गेली आणि तिकडेच वारली. जाताना ती ओढणी मला देऊन गेली. साऱ्या आळीचे नाजूक कपडे शिवण्याआधी चाचीने करून पाहिलेल्या अडखळत्या, तेलकट शिवणी तिच्या काठांवर आहेत. माझी कुठली, ते मला अचूक ठाऊक आहे. परकर माझ्या लेकीच्या दुपट्यात गेला आणि कालांतराने विरून संपला. आईचं असं काहीच आता माझ्यापाशी नाही; पण ते जपण्यासाठी दुसऱ्या एका बाईने आपल्या वस्त्रावर घेतलेले डाग आहेत, आणि आईची आठवण आली की माझं बोट कृतज्ञतेने त्यांच्यावरून फिरतं.