किशनरावांचा खर्ज

कॉलेजात असताना किशनराव नल्लकुंटा भागातल्या तारामतीबाईंच्या गायनवर्गात जायचे. त्यांचा आवाज वर चढायचाच नाही. आता आवाज खाली जातो हा काय गुन्हा आहे? पण तारामतीबाईंनी सांगून टाकलं, "तू गाऊ नकोस, नुसता ताल धर." किशनराव चार वर्षं टाळ्या देत बसले आणि मग घरी बसले.

पन्नाशीत शेजारच्या माधवीने त्यांना गच्चीवरून भाजीवाल्याला हाक मारताना ऐकलं. पुण्याहून नोकरीला आलेली ही मुलगी चौघांना जमवून जॅझ आणि ख्याल एकत्र गात होती, तेही वाद्यांशिवाय. "काका, आम्हाला तळाचा आवाज हवाय." किशनराव "नक्को, नक्को" म्हणत गेले, पण गेले.

काल नारायणगुड्यात त्या गायकवृंदाला दहा वर्षं झाल्याचा कार्यक्रम होता. सभागृह खच्चून भरलेलं. यमन रंगात आला तसे बाकीचे एकेक करून थांबले आणि किशनरावांचा खर्ज एकटाच जॅझच्या झोकात डुलत राहिला. खुर्च्यांना कंप सुटला.

पहिल्या रांगेत ऐंशी ओलांडलेल्या तारामतीबाई होत्या. त्यांनी हातातली काठी बाजूला ठेवली आणि मुकाट्याने ताल धरला.