खाऱ्या मातीतली सात रोपं

सासरे गेले आणि सुनेने काचघराचा सगळा कारभार हाती घेतला. पहिलं काम केलं ते आतली सगळी माती उकळत्या वाफेने निर्जंतुक करण्याचं. सासरे असते तर त्यांनी आकाशपाताळ एक केलं असतं. पण शेवटचे सहा महिने तिने त्यांना आत पाऊलच टाकू दिलं नव्हतं. "बाबा, तुम्ही बाहेरून बादलीत आणता त्या घाणीने रोग येतो," असं तोंडावर सांगून कुलूप घातलं होतं. सून शिकलेली, आणि शिकलेल्या माणसाला घाण म्हटली की सगळी सारखीच. म्हातारा काचेला नाक लावून बाहेर उभा राहायचा.

आता त्यांच्या टोमॅटोच्या शेवटच्या बियांची चाळीस रोपं उरली होती. ती गेली की ते वाण कायमचं संपणार. विहिरीचं पाणी पहिल्यापासून खारट, तरी सासऱ्यांच्या हाती टोमॅटो लगडायचे. सुनेच्या हाती महिन्याभरात मातीवर पांढरा पापुद्रा धरला आणि पानांच्या कडा करपल्या.

सातच रोपं ताठ होती. एक डावीकडे, एक उजवीकडे. मध्ये कधी दोन ओळी सुटलेल्या, कधी एकच. अशी ती दारापासून पलीकडच्या काचेपर्यंत गेली होती.

सासू दारात थबकली. "अगं, हे तर यांचं चालणं."

"काहीतरीच काय, आई! बाबा काय लंगडत होते?"

"पाय धड होते त्यांचे. पण एका हातात भरलेली बादली. एक ढांग लांब, एक आखूड."

माती तपासणाऱ्या बाईंनी ताठ रोपाचं मूळ सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. "मुळात बुरशी आहे. घाबरू नका, ही मित्र. रोपाला पाणी पुरवते, मीठ कमी शिरू देते, बदल्यात त्याची साखर खाते. तुम्ही वाफेने ती मारलीत. या सातांपाशी कुणीतरी नव्याने आणून टाकलीये."

"कोण आणणार? किल्ली माझ्या कमरेला असते."

"मग तुम्हीच," बाई हसल्या. सुनेला हसू आलं नाही.

काचेपलीकडे खारवट पडीक जमीन होती. तिथल्या वाळल्या गवतातही हिरवे ठिपके होते, एक ढांग लांब, एक आखूड, थेट दूरच्या झुडपापर्यंत. सून बादली घेऊन निघाली. झुडपाखाली खड्डा होता आणि त्याच्या कडेची माती ओली, नुकतीच उकरलेली. तिला पळून जावंसं वाटलं. पण तेहतीस रोपं घटका मोजत होती, तीही तिच्याच पायी. तिने मुळांसकट माती बादलीत भरली.

परतताना पाय आपसूक हिरव्या ठिपक्यांवर पडू लागले. एक लांब, एक आखूड. मुद्दाम वाकडं चालून पाहिलं, जमेना.

"बाबा, चुकलं माझं," ती मोठ्याने म्हणाली.

बादली एकदम हलकी झाली, दुसऱ्या बाजूने कुणी कडी धरावी तशी. तिने बाजूला बघितलं नाही. बघायची छातीच झाली नाही.

घराच्या खिडकीतून सासूची हाक आली. ती सुनेला नव्हती. जन्मभर नवऱ्याला मारली तीच हाक.

"अहो, जरा हळू! पोरीला तुमच्याइतकं भरभर चालवत नाही."