पिवळ्या धाग्याच्या तीन बांगड्या

चौथी कापणी झाली की कालव्याकाठच्या शेताच्या तुकड्यातलं बरसीम, म्हणजे म्हशीचा हिरवा चारा, मी बियाण्यासाठी राखतो. आमच्या गल्लीतली सहा घरं हेच बी पेरतात, कारण त्यात अमरवेलीचा दाणा नसतो.

यंदा एका सकाळी नात इन्साफच्या मनगटावर पिवळी बांगडी दिसली. अमरवेलीची!

"कुठून आणलीस ग ही?"

"बांधाजवळच्या बरसीमातून, आजोबा. सोन्यासारखी आहे ना?"

"अशा किती केल्यास?"

तिने हात पाठीमागे लपवला. रोटीच्या भट्टीजवळून माझी बायको दौलत ओरडली, "बोल की! चाळीस वर्षं शाळेत छडी न उगारलेला माणूस तुला काय मारणार?"

"तीन. एक मब्रूका म्हशीच्या शिंगात अडकवली. एक तुटली, ती बियाण्याच्या बरसीमात फेकली."

तिला बांधावर बसवून मी म्हणालो, "या वेलीचा तुकडा पडला, की शेजारच्या काडीला मिठी मारतो आणि तिचा रस पितो. म्हणून ती ओढायची नाही, खालच्या बरसीमासकट कापून जाळायची."

"म्हणजे मी सगळ्यांचं बी घालवलं?" तिचे डोळे भरले.

"अजून नाही. फेकलीस कुठून?"

ती उठली, त्याच जागी उभी राहिली आणि त्याच हाताने मातीचं ढेकूळ फेकलं. ढेकूळ पडलं तिथे पाच तुकडे सापडले.

म्हशीचं शिंग मात्र रिकामं होतं. "खाल्ली असेल भवानीने!" दौलत म्हणाली.

इन्साफने खुंटीकडे पाहिलं. "मब्रूका कालपासून इथेच बांधलीय. दोरी पुरते तेवढ्याच गोलात शोधायचं, आजोबा."

असा विद्यार्थी वर्गात वर्षातून एखादाच भेटायचा. तिसरी बांगडी खुंटीपाशीच, तुडवलेल्या चाऱ्यात निघाली.

ढेकूळ पडलं तिथलं आणि बांधाजवळचं बरसीम आम्ही हातभर जास्तच धरून, अगदी जमिनीलगत कापलं. खुंटीपाशीच्या चाऱ्यासकट सगळं भट्टीत गेलं. इन्साफने मनगटावरची बांगडीही स्वतःच आत टाकली, मग तिथेच बसून गरम रोटी खाल्ली.

त्यानंतर ती रोज शाळेआधी बियाण्याच्या तुकड्यात फिरायची. पांढरी फुलं आली, मधमाश्या आल्या, बोंडं वाळली. पिवळा धागा पुन्हा दिसला नाही.

बी वाटताना शेजारची उम्म सलामा मुद्दाम तिलाच म्हणाली, "साफ आहे ना ग, बाईसाहेब?"

"मी रोज बघितलंय, मावशी," इन्साफ म्हणाली आणि चाळणी पुढे केली. "तरी एकदा चाळून घ्या."