पेट्रोलची नळी

मिस्त्री बिराप्पा गाडीखालून सरकत बाहेर आला, तेव्हा त्याच्या मुठीत वीतभर रबरी नळी होती. लालासाहेबांसमोर धरून त्यानं ती जराशी वाकवली. वाळल्या शेंगेसारखी ती मधोमध तडकली आणि पेट्रोलचा वास पसरला.

"ही कुणी बसवली, डॉक्टर?"

लालासाहेबांना आठवेना. ते जनावरांचे डॉक्टर, वय ब्याऐंशी. ही एकसष्ट सालची निळी गाडी त्यांनी नोकरीला लागल्यावर जुनीच घेतली आणि तिच्यातून मेढ्याच्या बाजूची गावं तीस वर्षं पालथी घातली. निवृत्त होऊन रहिमतपूरला आले, तरी गाडी काही विकली नाही. गेली दोन वर्षं मात्र ती चढाला लागली की आचके देऊन बंद पडायची. कुणी कार्बोरेटर बदलला, कुणी इंजिनाला पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकायला सांगितलं. थंड झाली की ती आपोआप सुरू व्हायची, त्यामुळं खोलात कुणी गेलंच नव्हतं.

बिराप्पाला दुखणं दिसलं होतं. मूळची लोखंडी नळी काढून कुणीतरी रबर घातलं होतं आणि ते इंजिनाच्या तापल्या धुराड्याला, धूर बाहेर नेणाऱ्या नळाला, खेटून नेलं होतं. ऊन आणि चढ एकत्र आले की पेट्रोल नळीतच उकळायचं, त्याची वाफ व्हायची आणि पंपाला ओढायला काही उरायचं नाही. पण गाडी बंद पडण्याची त्याला एवढी काळजी नव्हती. त्या चिरेतून धुराड्यावर चार थेंब गळले असते, तर?

लालासाहेबांना दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, मेढ्याला जायचं होतं. त्यांच्या लायसनची मुदत रविवारी संपत होती. डोळे तपासणाऱ्यानं स्पष्ट सांगितलं होतं, की आज दिवसाउजेडी चालवाल, पण पुढच्या मुदतीसाठी मी सही करणार नाही. एकदा आपल्या हातानं गाडी त्या रस्त्यानं न्यायची, एवढंच म्हाताऱ्याच्या मनात होतं. मुलगी राजेश्वरी त्यासाठी पुण्याहून रजा काढून आली होती.

दुसरी रबरी नळी घाला, तारेनं बांधा, एक दिवसाचा तर प्रश्न आहे, असं लालासाहेब म्हणाले. बिराप्पानं मान हलवली. रविवारशिवाय गाडी मिळणार नाही, असं त्यानं सांगितलं. लालासाहेबांचा आवाज चढला. गाडी माझी, जीव माझा, तू कोण अडवणारा, असं बरंच काही ते बोलले. बिराप्पा फडक्याला हात पुसत ऐकत राहिला.

"डॉक्टर, घटसर्प झालेली म्हस एक दिवसासाठी म्हनून तुमी परत गोठ्यात बांधू दिली आसती का?"

लालासाहेबांनी गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली. जाताना राजेश्वरीनं बिराप्पाच्या उजव्या हाताकडं पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुळगुळीत, चकाकणारी होती.

ती गोष्ट बिराप्पा कुणाला सांगत नसे. जतच्या बाजूला तो नवा मिस्त्री असताना चुलत्याच्या जीपला त्यानं अशीच नळी जोडून दिली होती. बाजारापुरती चालेल म्हणून. मागं नऊ मेंढ्या होत्या. बाजाराच्या वाटेवर, बिराप्पा स्वतः आत असताना, जीप पेटली. मागचं फळकूट उघडून त्यानं पाच मेंढ्या ओढून काढल्या. चार राहिल्या. चुलता कधी वावगं बोलला नाही, पण बिराप्पा त्यानंतर त्या गावात फारसा राहिला नाही. तेव्हापासून गाडी हॉर्नच्या कामाला आली, तरी तो आधी खाली झोपून पेट्रोलची नळी बघायचा. लोक हसायचे.

शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं तो सांगलीला गेला. तीन दुकानं फिरून हव्या तशा तीन पोलादी नळ्या घेऊन दुपारी परतला. नळी वाकवताना चेपू नये म्हणून त्यानं तिच्यात कोरडी वाळू गच्च भरली, दोन्ही टोकांना बुचं मारली आणि गुडघ्यावर घेऊन हळूहळू वळण दिलं. पहिली चेपलीच. दुसरीचं वळण बोटभर चुकलं, ती धुराड्याच्या फार जवळून जात होती. राजेश्वरी बघायला आली होती, ती म्हणाली, चालेल की एवढं. बिराप्पानं ती बाजूला ठेवली आणि तिसरी घेतली.

शनिवारी संध्याकाळी नळी इंजिनाच्या दुसऱ्या अंगानं, मडगार्डच्या कडेनं बसली. आतून धुऊन, हवा मारून त्यानं वाळूचा कणही ठेवला नव्हता. धुराड्याची धग अडवायला बोटभर अंतर सोडून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लावला, म्हणजे मधून वारं खेळेल. इंजिन हादरतं तिथं, पंपाजवळ, तेवढाच नव्या रबराचा आखूड तुकडा घातला आणि त्याला उष्णता अडवणारी जाड विणलेली बाही चढवली.

रविवारी सकाळी लालासाहेब गाडी चालवायला बसले. तू पण चल, एवढंच ते बिराप्पाला म्हणाले. राजेश्वरी डाव्या सीटवर बसली, तो मागं बसला. सातारा मागं पडला, ऊन तापलं, चढ लागला. लालासाहेबांनी गिअर खाली घेतला. दोन वर्षांत जिथं जिथं गाडी थांबली होती, ती वळणं एकामागून एक गेली.

माथ्यावर बिराप्पानं गाडी मुद्दाम बंद करायला लावली. उभ्या गाडीत वारं लागत नाही आणि धग जास्त साचते, म्हणून इंजिन तापलेलं असताना दहा मिनिटं तशीच उभी ठेवली. मग बॉनेट उघडून त्यानं नळीवर तळहात ठेवला. कोमट होती.

"मारा आता."

पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली. लालासाहेब बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून इंजिन ऐकत राहिले. खाली मेढ्याच्या बाजूची शिवारं उन्हात पसरली होती. कुठल्या वाडीत कुणाची गाय अडली होती, हे त्यांनी बोटानं दाखवत सांगितलं. मग गाडी चालूच ठेवून ते उतरले आणि बॉनेटचा आधार घेत डाव्या बाजूला आले.

"राजू, आता तू घे. उताराला ब्रेक जपून मार."

राजेश्वरी उतरून पलीकडं गेली. लालासाहेब डाव्या सीटवर बसले. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते गुडघ्यांवर ठेवले. गाडी उताराला लागली. मागून बिराप्पाला दिसत होतं, प्रत्येक वळणाला म्हाताऱ्याचा उजवा पाय समोरच्या रिकाम्या पत्र्यावर दाबला जात होता.