दोन इंचांनी उंच

मी एक जुना जॅक आहे. गाडीचं चाक बदलायचं असलं की तिला वर उचलून धरतो, तो. माझा आकार बसक्या बाटलीसारखा, म्हणून मला बाटली जॅक म्हणतात. मित्रांनो, मी तीन टन वजन उचलतो. ही फुशारकी नाही, माझ्या पोटावर तसं कोरलेलंच आहे. पण एका दुपारी मला साधा एक हात सोडवता आला नाही. ती गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

कारखान्यात लोखंड तासून मला घडवलं, पोटात तेल भरलं आणि अंगाला लाल रंग दिला. मला विकत घेतलं ते एका टेम्पोचालकाने. बाकीचे चालक त्यांना उस्ताद म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. त्यांच्या टेम्पोच्या सीटखाली मी बावीस वर्षं काढली. टेम्पो चांगला उंच होता, त्याच्याखाली मला ऐसपैस जागा मिळे. एकदा काचेची तावदानं भरलेली असताना ऐन चढावर टायर फुटला. उस्तादांनी माझा दांडा हळूहळू दाबला आणि मी तो सगळा भार इतका अलगद वर घेतला, की एका काचेलाही तडा गेला नाही. अंगावरचा चिखल पुसत ते म्हणाले, "शाब्बास रे पठ्ठ्या!" तेव्हापासून माझं नाव पठ्ठ्या पडलं.

पुढे उस्तादांचे गुडघे कुरकुरू लागले आणि टेम्पो विकावा लागला. पाने, दोर, ताडपत्री सगळं टेम्पोबरोबर गेलं. मला मात्र त्यांनी काखेत मारून घरी आणलं आणि जिन्याखालच्या फळीवर ठेवलं. तिथे माझ्यावर धूळ बसली, तेल जरासं झिरपू लागलं. तरी उस्ताद येता-जाता माझ्याकडे बघत, आणि तेवढ्याने मला बरं वाटे.

त्यांची मुलगी दवाखान्यात रुग्णांकडून हातापायांचे व्यायाम करून घेते. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्या घरी जावं लागतं म्हणून तिने एक जुनी गाडी घेतली. दिसायला देखणी, पण इतकी बसकी की पोट जमिनीला लागतंय की काय असं वाटावं. पहिल्याच रविवारी ती टेप घेऊन अंगणात उकिडवी बसली.

"बाबा, गाडीच्या कडेखाली साडेपाच इंच जागा आहे. आणि तुमचा पठ्ठ्या पूर्ण बसलेला असताना साडेसात इंच भरतो. हा आत जाणारच नाही. बुटका, चाकांवरून सरकणारा जॅक घ्यायला हवा."

"अगं, तीन टन उचलतो हा! तुझी गाडी म्हणजे याच्यापुढे चिमणी."

"उचलेल हो, पण आधी खाली शिरायला नको का?"

उस्तादांचा चेहरा पडला. "म्हणजे आता आम्ही दोघंही बिनकामाचे, असंच ना?"

मुलगी उठून उभी राहिली. टेप गुंडाळत म्हणाली, "बरं, बघू नंतर." जॅक बघायला जाणं त्या 'नंतर'वर राहिलं ते राहिलंच. मित्रांनो, तिचं म्हणणं अगदी खरं होतं. मला तोंड असतं तर मीच ओरडून सांगितलं असतं.

एका सकाळी त्या गाडीच्या पुढच्या चाकात खिळा घुसला. मुलगी बसने कामाला गेली. जाताना म्हणाली, "बाबा, कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या ताईंना फोन करा. तुम्ही हात लावू नका हं." उस्तादांनी मान डोलावली. दुपारी बायकोचा डोळा लागल्याचं बघून त्यांनी मला फळीवरून उतरवलं.

त्यांनी जमिनीवर तीन फळ्या एकावर एक रचल्या आणि गाडी पुढे घेऊन बसलेलं चाक त्यांवर चढवलं. आता कड थोडी उचलली गेली. तरीही कडेवर कंपनीने केलेल्या जॅक लावायच्या खुणेपाशी मी मावेना. मग त्यांनी मला थोडं पुढे, जिथे पत्रा तिरका होता, तिथे कसंबसं बसवलं. मागच्या चाकाला अडसर म्हणून दगड लावायचा, हे त्यांनी आयुष्यभर नव्या चालकांना बजावलं होतं. त्या दिवशी घाईत तेच राहून गेलं.

त्यांनी दांडा दाबला आणि मी वर चढू लागलो. माझं डोकं तिरक्या पत्र्यावरून घसरत होतं, ते मला जाणवत होतं. पण मी काय करणार? दांडा दाबला की वर जायचं, एवढंच मला येतं. त्यांनी चाक काढलं. हवा भरलेलं दुसरं चाक मोठं, त्याच्या आड फळ्या येत होत्या. त्या ओढायला त्यांनी उजवा हात आत घातला, आणि गाडी एवढीशी मागे सरकली.

मी आडवा पडलो. गाडी खाली आली. उस्तादांचा पंजा चाकामागची लोखंडी चकती आणि फळी यांच्यामध्ये सापडला.

त्यांची हाक ऐकून बायको धावत आली. "अहो, हे काय करून बसलात!" तिने मला उचललं आणि कडेखाली सारलं. मी शिरेना. तिरका करून बघितलं. आडवा करून बघितलं, तर माझ्या पोटातून बाहेर येणारा दट्ट्या आडवाच सरकणार, वर नाही. तिने दोन्ही हातांनी मला आत रेटलं, माझा लाल रंग खरवडून निघाला.

"जा रे आत, जा ना!" ती रडत मला म्हणत होती.

मी तिथेच होतो. अंगात तेवढीच ताकद होती, उस्तादांच्या हातापासून मी वीतभर अंतरावर होतो, आणि माझा काडीचाही उपयोग नव्हता.

शेवटी ती अनवाणी पळत कोपऱ्यावर गेली. गॅरेजवाल्या ताई एक चपटा जॅक ओढत घेऊन आल्या. आधी त्यांनी मागच्या चाकाला दगड लावला, मग तो जॅक खुणेखाली सरकवला. तो बिनबोभाट आत गेला. सात-आठ वेळा दांडा दाबताच हात मोकळा झाला. जमलेल्यांपैकी कुणीतरी विचारलं, "असं झालं तरी कसं?" उस्ताद पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाले, "जॅकने दगा दिला."

मित्रांनो, ते ऐकून मला काय वाटलं, ते सांगता येत नाही.

हात वाचला, पण दोन बोटं वाकत नाहीत. मुलगी रोज सकाळी त्यांचा पंजा मांडीवर घेऊन व्यायाम करून घेते. "मीच हट्टाने जॅक आणायला हवा होता," असं ती एकदा पुटपुटली. उस्ताद खिडकीबाहेर बघत राहिले.

दोन महिन्यांनी दोघं दुकानात गेले. उंचीचा अंदाज यावा म्हणून मुलीने मलाही नेलं होतं. दुकानदाराने एक दांडगा जॅक पुढे केला. उस्ताद म्हणाले, "ताकदीचं राहू द्या. हा पूर्ण बसला की किती इंच होतो?" मग मुलीने तीन इंचांचा, डोक्यावर रबर असलेला चपटा जॅक निवडला. उचललेली गाडी टेकवून ठेवायला दोन लोखंडी घोडेही घेतले.

झाल्या प्रकाराची गोष्ट दुकानदाराच्याही कानावर आली होती; त्याने माझ्याकडे बोट केलं. "आणि हा मोडीत टाकायचा का? यानेच दगा दिला ना तुम्हाला?"

उस्तादांनी माझ्या खरवडलेल्या रंगावरून डावा हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "नाही हो. याची काही चूक नव्हती. मी चुकीच्या जागी लावला. पोरीचं ऐकलं नाही." मला उचलायला त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं मिटली नाहीत. मुलीने मला उचललं.

आता मी पुन्हा फळीवर आहे. मित्रांनो, आम्हा निर्जीव वस्तूंना 'थांबा' म्हणता येत नाही. तुम्हाला येतं. तुमच्या घरी कुणी गाडी उचलायला बसलं, तर विचारा: हा जॅक या गाडीखाली जातो का? खुणेवर लागलाय का? मागे दगड आहे का? आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू देऊ नका. मोठी माणसं रागावतील, त्यांचा चेहरा पडेल. तरीही विचारा.