गाळलेल्या चार ओळी

श्रीपत मास्तरांनी आयुष्यात हजारभर तरी पत्रं लिहिली असतील. शाळेचे अर्ज, वाडीतल्या बायकांची मुंबईला गेलेल्या नवऱ्यांना खुशाली, कुणाच्या सासरचे निरोप. आलेल्या पत्राचं उत्तर त्याच आठवड्यात जायचं. राहिलं ते एकच पत्र, आणि ते त्यांच्या स्वतःच्या मुलाचं होतं.

निळं, तीन घड्यांचं, विमानाने येणारं पत्र. १९७६ च्या फेब्रुवारीत ते पोलादपूरच्या शाळेत आलं. मास्तर तेव्हा तिथे नोकरीला होते. आठवडाभर खोली करून राहायचे आणि शनिवारी दुपारच्या एस.टी.ने महाडला उतरून जवळच्या सव गावी घरी जायचे. सवच्या बौद्धवाडीत पोस्टमन मनात आलं तर फिरकायचा, म्हणून महिपत पत्रं शाळेच्या पत्त्यावर टाकी.

महिपत त्यांचा एकुलता एक. त्याने बी.ए. व्हावं, निदान आपल्यासारखं मास्तर तरी व्हावं, एवढीच त्यांची हौस. त्याने दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं आणि जहाजावर नोकरी करणाऱ्या, नात्यातल्या सोमाच्या ओळखीने त्याच्याच परदेशी जहाजावर गेला. माल वाहणारं नव्हे, सुट्टी घालवायला निघालेल्या हौशी लोकांचं जहाज. त्यावर धुलाईखात्यात. निघायच्या आदल्या रात्री जेवताना मास्तर त्याला म्हणाले, "माझ्या बापाने गावाची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, ते तू परमुलखात लोकांची मळकी धुवावीस म्हणून?" आवाज त्यांनी चढवला नव्हता, तो त्यांना कधी चढवता आलाच नाही. पण महिपत भाकरी अर्धी टाकून उठला, आणि पहाटे आईच्या पाया पडून गेला.

त्यानंतर दोन वर्षांनी आलेलं हे पत्र. पहिली दीड पानं नुसती धुण्याची होती. इथली माणसं समुद्र बघायला येतात आणि दिवसातून तीनदा कपडे बदलतात, त्याने लिहिलं होतं. आम्ही पाण्याच्या पातळीच्या खाली असतो, त्यामुळे आम्हाला समुद्र दिसत नाही, त्यांचे कपडे तेवढे दिसतात. कोण कुठल्या रंगाचं सरबत प्यायलं, कोण वाळूत लोळलं, सगळं कळतं. काहीजण लाजेने आपले आतले कपडे खोलीतच धुतात आणि दिव्याच्या दांडीवर वाळत घालतात. आणि वरच्या मजल्यावर प्रवाशांसाठी धुण्याची एक बारकी खोली आहे. चार मशिनं, वीस बायका. मशीन अडलं की मला पाठवतात. "आईला सांगा, अगदी आपल्या सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावरचा देखावा. नंबरावरून भांडतात, एकमेकींचे ओले कपडे उचलून बाजूला ठेवतात, आणि कपडे वाळेपर्यंत मैत्रिणी होऊन एकमेकींना नातवंडांचे फोटो दाखवतात. मी पाना हातात घेऊन उगाच जास्त वेळ थांबतो."

मग शेवटच्या चार ओळी.

"बाबा, मी हे काम करतो याची तुम्हाला आणि आईला अजून लाज वाटते का? वाटत नसेल तर नुसतं 'ये' म्हणून लिहा. मेमध्ये करार संपतो. पत्र आलं नाही तर मी समजेन आणि पुढच्या करारावर सही करीन."

मास्तरांनी ते पत्र शाळेच्या मागच्या आंब्याखाली तीनदा वाचलं आणि खिशात घातलं. खिशात ते दिवसभर गरम तव्यासारखं वाटत राहिलं. कारण एक गोष्ट महिपतला ठाऊक नव्हती. शाळेतल्या मास्तरांना आणि वाडीतल्या मंडळींना त्यांनी सांगून ठेवलं होतं की मुलगा जहाजाच्या ऑफिसात आहे. एकदा सहज तोंडातून गेलं, मग मागे घेता येईना. मुलगा आला असता, तर त्याने आपलं काम चार माणसांत हसत सांगितलं असतं. तो तसाच होता, आईवर गेलेला.

त्या शनिवारी ते घरी आले. चंद्रभागेला वाचता येत नव्हतं. अख्ख्या तालुक्याची पोरं ज्यांच्या हाताखाली बाराखडी शिकली, त्यांच्या बायकोला अक्षरओळख नव्हती. आज शिकवू, उद्या शिकवू करता राहूनच गेलं. तिने चुलीपुढे बसून पत्र ऐकलं. झऱ्यावरच्या बायकांशी तुलना ऐकून ती पदर तोंडाला लावून हसली. "काय गो बाई, सुट्टी घेऊन पन धुनंच धुतात म्हन की." मग महिपतचे स्वतःचे कपडे कोण धुतं, असं विचारलं. ते पत्रात नव्हतं.

शेवटच्या चार ओळींपाशी मास्तरांना ठसका लागला. खोकून झाल्यावर ते थेट खालच्या सहीवर गेले.

"आनी काय लिवलंय?"

"बाकी सगळं क्षेम."

दुसऱ्या दिवसापासून ते उत्तर लिहायला बसले. मास्तरांची सवय अशी, की आधी कच्चं लिहायचं, मग पक्कं. कच्च्यात खाडाखोड झाली की दुसरं कच्चं. 'ये' एवढं एकच अक्षर लिहायचं होतं, पण नुसतं ते लिहिलं तर कोरडं दिसेल, समजावून लिहिलं तर खोटं दिसेल, असं करता करता मार्च गेला. एप्रिलमध्ये परीक्षा आल्या. मेमध्ये दोन ओळींचं कार्ड आलं: सही केली, आईला नमस्कार. 'बाबांना' हा शब्द त्यात नव्हता.

त्यानंतर पत्र आलंच नाही. वर्षा-दीड वर्षाने सोमा रजेवर यायचा आणि महिपत बरा आहे म्हणायचा.

चंद्रभागा जुनं पत्र पुन्हा पुन्हा वाचायला लावायची. मास्तर वाचायचे. तेच सरबत, तीच वाळू, त्याच वीस बायका. घरात महिपतचा एक पांढरा सदरा राहिला होता. कोकणातल्या ओलीत ठेवणीतल्या कपड्याला बुरशी धरते, म्हणून ती दर रविवारी तो झऱ्यावर नेऊन धुवायची. मास्तर एकदा म्हणाले, दर आठवड्याला कशाला, मळलाय कुठे तो. ती म्हणाली, "आता तो धुण्यातला जाणता हाय. येऊन कॉलर बघील नि म्हनंल, आये, ह्यो काय धुतलास?" असं म्हणताना तिच्या चेहऱ्यावर केवढा मान होता, ते मास्तरांनी पाहिलं. त्या क्षणी ते बोलू शकले असते. त्यांनी चष्मा पुसला.

१९८२ च्या जानेवारीत तिला ताप आला आणि उतरेना. न्यूमोनिया झालाय, असं महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं. एका दुपारी तिने पुन्हा पत्र मागितलं. मास्तर वाचत गेले. शेवटी आले. ती अंथरुणातून त्यांच्याकडे बघत होती.

"तुमी दर बारीला हितंच खोकता," ती म्हणाली. "त्या जागी काय हाय?"

"काही नाही. अक्षर लागत नाही."

ती भिंतीकडे तोंड करून झोपली. तीन दिवसांनी गेली.

जहाजाच्या कंपनीच्या पत्त्यावर महिपतला तार केली. तो आला नाही.

सुतक-बितक वाडीने केव्हाच सोडलं होतं, पण माणूस गेलं की बायका त्या घरातलं झाडून सगळं कापड धुऊन काढत, ती रीत राहिली होती. तिसऱ्या दिवशी चुलतभावजय चंपाबाई गोधड्या, लुगडी, मास्तरांची धोतरं असा सगळा बोजा घेऊन झऱ्यावर गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा तिने महिपतचा सदरा वेगळा आणला होता. पाण्यात घातल्याबरोबर तो पाठीवर उभा फाटत गेला होता.

"भावजी, ह्यो कोनी अंगात घातला नाय नि विरला कसा?" तिने विचारलं.

मास्तरांनी तो हातात घेतला. सहा वर्षांचे रविवार त्यात होते. कापडातून पलीकडचं दार दिसत होतं. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि चंपाबाई निघून जाईपर्यंत मान वर केली नाही.

मार्चमध्ये सोमा रजेवर आला आणि भेटायला सवला चालत आला. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग मास्तरांनी विचारलं, तार पोचली नव्हती का.

"पोचली काका. मीच दिली त्याच्या हातात." सोमाने नजर खाली केली. "वाचली, घडी केली नि परत मशिनीवर लागला. मी बोललो, सुट्टी माग, देतील. तर बोलला, जिती होती तवा बोलावलं नाय, आता कोनाकडं जाऊ?"

मास्तरांनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"तुमच्यावर राग नाय हो त्याचा. तो बोलतो, बाबांचं मी समजू शकतो, बाबा शिकलेले. पन आयेला पन माझी लाज वाटली, ते मला गिळवत नाय."

मास्तरांना तेव्हा कळलं. आपल्या मुलाने सहा वर्षं आईवर राग धरला होता, आणि तो राग त्यांनीच तिच्या पदरात टाकला होता. ती त्या रागासकट गेली.

"सोमा," ते म्हणाले, "मी लोकांना सांगितलं होतं, तो ऑफिसात आहे म्हणून."

सोमा ओशाळून हसला. "ते ठाव हाय सगळ्यांना, काका. मीच पयल्या रजेत सांगितलं होतं, आमी दोघं धुलाईत हाव म्हनून. तुमच्या तोंडावर कोन बोललं नाय इतकंच. तुमाला वाईट वाटंल म्हनून."

म्हणजे जे झाकायला चार ओळी गाळल्या, ते कधी झाकलेलं नव्हतंच.

सोमाकडून त्यांनी पत्ता घेतला. दहा एप्रिलला जहाज इंग्लंडात साउदॅम्प्टनला लागणार होतं. बंदरातल्या कंपनीच्या एजंटाकडे पत्र गेलं तर हातात पडेल. सोमा स्वतः मेअखेरपर्यंत इथेच होता.

तो गेल्यावर मास्तरांनी उजेड असेतो लिहिलं. या वेळी कच्चं केलं नाही. चुकलं तिथे रेघ मारून पुढे गेले. पत्र चांगलं झालं नव्हतं, हे त्यांना लिहितानाच कळत होतं. इतकी पुस्तकं वाचून आपल्याला एक सरळ वाक्य येत नाही, असं त्यांना वाटलं, आणि तरी ते लिहीत राहिले.

"तू विचारलं होतंस ते तुझ्या आईला कधी कळलं नाही. वाचताना त्या ओळी मी गाळल्या. लाज मला वाटत होती. तिला कधीच वाटली नाही. तुला धुण्यातलं सगळं कळतं असं ती झऱ्यावर चारजणींना सांगायची. तिला कळलं असतं, तर तिने त्याच दिवशी माझ्याकडून पत्र लिहवून घेतलं असतं. शेवटी तिने मला विचारलं, तेव्हाही मी खोटं बोललो. माझ्यावर राग धर. तिच्यावरचा काढून टाक."

पुढे थोडी जागा उरली होती. 'ये' लिहावं का, यावर ते बराच वेळ अडले. बोलावणारी गेली होती; आता आपण बोलावणं म्हणजे आपल्या म्हातारपणाची सोय दिसेल. नाही बोलावलं, तर पुन्हा तेच. अखेर त्यांनी ते अक्षर लिहिलं आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी ते महाडला गेले. पोस्टात गर्दी होती. खिडकीतल्या माणसाने पत्र तोललं, तिकिटं दिली, आणि साउदॅम्प्टनला पोचायला दहा-बारा दिवस धरा म्हणाला. मास्तरांनी बोटांवर मोजलं. आज सव्वीस मार्च. पोचलं तर पोचेल.

तिकिटं चिकटवताना त्यांना आठवलं की दुसऱ्या ओळीत एक वाक्य अर्धवट राहिलंय. पाकीट फाडून नीट करावं का? बाहेरच्या लाल पेटीपाशी ते पाकीट धरून उभे राहिले. मागे कुणीतरी येऊन थांबलं होतं. "मास्तर, टाकताय ना?" त्याने विचारलं.

"हो," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पत्र आत सोडलं.