तुरीत काय हललं

दुधाच्या पातेल्यावर तो गोटा होता. मुठीत मावेल एवढा, एका बाजूने चपटा. मांजरीने तोंड घालू नये म्हणून झाकणावर ठेवलेला, वर्षभर तिथेच बसून राहिलेला... आणि आज रत्नमालाला तो उचलवेना. दूध तापवायचं होतं, पोलीस ठाण्यातले जमादार येणार होते, आणि आल्यावर चहा तर विचारावाच लागणार. शेवटी पदराने धरून तिने तो बाजूला ठेवला. सासूबाईंच्या, भागिरथाबाईंच्या, खांद्यावर येऊन आदळला होता तो हाच गोटा. घरी कुणी आणला कुणास ठाऊक. बहुतेक त्यांनीच, त्यांना कुठलीच वस्तू वाया गेलेली खपत नाही.

शेजारच्या शेतातल्या पुंजाजींच्या मुलाने, हरीओमने, पीक राखायला बंदुकीचा परवाना मागितला होता. लगतच्या शेतकऱ्यांची हरकत आहे की नाही, एवढंच विचारायला जमादार फिरत होते. आणि लगतचं शेत होतं रत्नमालाच्या नावावर. एरवी त्या शेतातला एकही निर्णय तिला विचारून होत नसे, पण आज नेमकं तिचंच तोंड हवं होतं सगळ्यांना!

"हरकत नाई म्हनजो अन् मोकळी होजो," बाजेवरून देवमन म्हणाला. "डुक्कर आपली तूर नाई खाऊन राह्यले का?"

नवऱ्याच्या पायाकडे तिने पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. पोटरीवरचा तो लांब वण तिला डोळे मिटूनही दिसायचा. रानडुकराने सुळा मारला तेव्हा ती वीस पावलांवर होती, आणि हातात होता फक्त विळा. ते धूड पुन्हा वळलं होतं देवमनकडे, आणि ती ओरडत होती, नुसती ओरडत होती... तेव्हा माझ्या हातात बंदूक असती तर? झाडली असती मी. डोळे मिटून झाडली असती, आणि मधे देवमन होता. हे मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

फोन वाजला. हरीओमच होता. "वयनी, जमादार शेतावरच येऊन राह्यले. तुमी धुऱ्यावरच या."

दूध तसंच राहिलं, आता बांधावरच जायचं. निघताना दारात भागिरथाबाई डाव्या हाताने केस विंचरत बसल्या होत्या. उजवा वर जात नाही. "जाय," त्या म्हणाल्या, "सांग त्याले, आतापावतो डुकरापरीस मीच त्याले सापडली." आणि बोळक्या तोंडाने हसल्या. रत्नमालाला हसू आलं नाही, ती चपला घालून निघाली.

हरीओम काही वाईट माणूस नव्हता, तीच तर अडचण होती. गेल्या वर्षी दिवस मावळताना सासूबाई तुरीच्या काठाला बसून गवत कापत होत्या, आणि मचाणावरून त्याला फक्त शेंडे हलताना दिसले. त्याने गोफण फिरवली. किंकाळी ऐकून पळत आला, म्हातारीला स्वतः मोटारसायकलवर मधे बसवून रिसोडला नेलं, दवाखान्याच्या पायरीवर लहान पोरासारखा रडला. मग कुणी काय बोलणार? चूक झाली, संपलं. गोटा होता म्हणून संपलं... हा उरलेला भाग गावात कुणीच बोललं नव्हतं. केनवडच्या बाजारात हल्ली लोक भांडतात, प्रत्येक शेतकऱ्याला बंदूक द्या म्हणतात, तर कुणी म्हणतं छे, ते काम वनखात्याचं. पण निंदायला वाकलेली बाई लांबून कशी दिसते हे तिथे कोण विचारणार? मी विचारू? आणि आमची बैलगाडी जाते ती पुंजाजींच्याच धुऱ्यावरून. उद्या त्यांनी काटे टाकले तर माल काय डोक्यावर आणू?

जमादार आणि हरीओम धुऱ्यावर उभेच होते. ऊन उतरलं होतं. शेंगांनी लगडलेली तूर डोक्याच्या वर गेली होती.

"बोला बाई," जमादार म्हणाले. "हरकत आहे का?"

"तुमच्यासाठीबी तर घेऊन राह्यलो, वयनी," हरीओम म्हणाला, आणि ते खरंच होतं.

"दिवसा नोको चालवू," ती कशीबशी म्हणाली. "अन् आधी आवाज देत जाय. मानूस असन तर ओ देईन."

"आवाज दिल्यावर डुक्कर थांबन काय?" तो हसला. जमादारही हसले. "अटी नका सांगू बाई. आहे, का नाही?"

नाही म्हणायला तिने तोंड उघडलंही. पण बाहेर आलं ते दुसरंच. "मले आत जाऊन बसू द्या. मंग हरीओमनं सांगावं, मी कुठं हाय."

कुणी काही म्हणायच्या आत ती तुरीत शिरली. दहा-बारा ओळी ओलांडून, वळून, पुन्हा वळून ती उकिडवी बसली, पदर गुडघ्यांत खोचून. वर पाहिलं तर नुसते शेंडे आणि त्यांच्यामधून चिंधीएवढं आभाळ. छाती एवढी धडधडत होती की त्यानेच झाडं हलतील असं वाटलं. मी हलणार नाही. मी दगड आहे. बघू दे त्याला.

धुऱ्यावरची कुजबुज थांबली. वाराही पडला होता.

मग हरीओमचा आवाज आला, अगदी खात्रीचा. "थे पाहा जमादार. वयनी थ्या तिथं हलल्या."

ती हलली नव्हती.

डावीकडे, चार ओळी सोडून, कुणीतरी शेंग मोडल्यासारखं वाजलं. मग पुन्हा. सासूबाई मागून आल्या असतील का? त्यांना चैन पडत नाही... की डुक्कर? ओरडावं तर ते अंगावर येईल, गप्प बसावं तर—तिचा हात मातीत विळा चाचपू लागला, आणि विळा तर घरी होता. त्या क्षणी धुऱ्यावरच्या त्या माणसाच्या हातात बंदूक असावी असं तिला जिवाच्या आकांताने वाटलं, आणि तेवढ्याच आकांताने वाटलं की ती नसावी. तिने श्वास रोखून धरला. तूर पुन्हा हलली, या वेळी जवळ.